तोंडातून पडलेलं वाक्य

शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे कानसेन म्हणत. ज्याला गाता येत नाही त्यानं निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात. याला गाता येत नव्हतं, बोलण्यातही तो यथातथाच होता, पण ऐकण्यात मात्र भल्याभल्यांना पाणी पाजेल असा. एकतीस वर्षं तो ऐकण्याचीच नोकरी करत होता. अशी नोकरी असते यावर त्याच्या सासऱ्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नव्हता.

काम असं. एक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे जितके अर्थ होतात तितके आपल्या भाषेत मांडायचे आणि प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य द्यायचं. इथवर कुणीही करेल. पण कोश सुरू करणारे थोरले साहेब भलतेच कडक होते. टेबलाशी बसून रचलेलं वाक्य ते हातातही धरायचे नाहीत. "मुलगा चेंडू फेकतो, असली वाक्यं मला आणू नका," ते म्हणायचे. "असं कोण बोलतं? कुणाला बोलतं? वाक्य तोंडातून पडलेलं हवं." म्हणून प्रत्येक वाक्याचं एक कार्ड असे. पुढच्या बाजूला वाक्य; मागे कोण बोललं, कुठं, कधी, आणि खाली ऐकणाऱ्याची सही. थोरले साहेब गेले, पण नियम राहिला.

कानसेनाच्या शर्टाच्या खिशात कायम सहा कोरी कार्डं आणि बोटभर पेन्सिल असायची. रांगेत, लिफ्टमध्ये, दवाखान्यात, दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून बसलेला असतानासुद्धा त्याचे कान कामावर असत. एकदा तो मयताला गेला आणि दोन कार्डं भरून आणली. बायको म्हणायची, "या घरात भांडायचं म्हणजे जपून. उद्या छापून यायचं." ती हसून म्हणायची, तेव्हा तोही हसायचा.

लेकीचं तर सगळं लहानपण त्या कार्डांवर उतरलं होतं. 'माझी चप्पल डास घेऊन गेले', वय तीन. 'मला झोप आलेली नाहीये, फक्त डोळे थकलेत', वय पाच. कोशाच्या पहिल्या चार खंडांत तिची त्रेचाळीस वाक्यं होती. शाळेत असताना ती मैत्रिणींना पान उघडून दाखवायची, हे मी बोलले म्हणून. आपण बोललेलं बाबा लिहून घेतात याचा तिला अभिमान होता. लहान मुलांना कशाचाही अभिमान वाटतो.

आता मात्र घरात बोलायला कुणी नव्हतं. बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक याच शहरात, बसनं पाऊण तासावर राहत होती आणि चार वर्षांत एकदाही आली नव्हती. संध्याकाळी तो घरी यायचा, दिवा लावायचा, एक अंडं उकडायचा, आणि सकाळी दार ओढून घेईपर्यंत त्याच्या कानावर माणसाचा शब्द पडायचा नाही. नळ ठिबकायचा तेवढाच. तो दुरुस्त करून घ्यायचं त्याच्या मनात होतं, पण दुरुस्त झाला की तेही गेलं, म्हणून राहूनच जायचं.

अशात त्याच्या वाट्याला 'टेक ऑफ' आला.

दोन टीचभर शब्द, पण एखाद्या घरकोंबड्यालाही गावभर हिंडवतील. मूळ अर्थ: काढणं, दूर करणं. त्यातही आपल्याकडे एका शब्दात भागत नाही: झाकण काढायचं, टोपी उतरवायची, यादीतलं नाव वगळायचं. पुढं तर तमाशाच. विमान जमीन सोडतं तेही टेक ऑफ, माणूस न सांगता चालता होतो तेही, कुणाची नक्कल करतात तेही, बसलेलं दुकान एकदम चालायला लागतं तेही. आणि कामावरून एक दिवस मोकळा काढून घेतात तेही. मसुद्यात आठ अर्थ होते. गुरुवारी पानं संपादकबाईंकडे द्यायची होती, त्याआधी आठ तोंडांतून आठ वाक्यं पडायला हवी होती. एका नोंदीत एक माणूस दोनदा घ्यायचा नाही, हाही थोरल्या साहेबांचाच नियम.

सोमवारी तो हिंडायला निघाला. बुटांच्या दुकानातली बाई म्हणाली, "आधी मोजे काढा, मग माप घेते." झालं एक. बसथांब्यावर एक आजी फोनवर सांगत होत्या, "विमान उडायच्या आधी कळव आणि उतरल्यावरही कळव. मधलं नको, मधलं मला झेपत नाही." त्यानं ते सगळंच लिहून घेतलं. लाँड्रीत इस्त्रीवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, "काय बोलणं नाही, भांडण नाही, उठला आणि चालता झाला. हँगरला शर्ट तसाच." लिहिताना कानसेनाची पेन्सिल मधेच थांबली. मग त्यानं वाक्य पुरं केलं.

बुधवार दुपारपर्यंत सात झाली. अडलं ते सुट्टीच्या अर्थावर. वाटेल ते अडेल पण हे नाही, असं त्याला वाटलं होतं. सुट्टीबद्दल कोण बोलत नाही? बोलतात हो, सगळेच बोलतात. पण कसं बोलतात? "उद्या माझा ऑफ आहे." "मी लीव्ह टाकलीय." "बॉस ऑफ देत नाही." बँकेत तेच, बसमध्ये तेच, कचेरीच्या जिन्यात तेच. इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायला तोच इंग्रजी शब्द द्यायचा, तर मग कोश कशाला हवा? तो एका बागेत दीड तास बसून राहिला, दोन शिपायांच्या मागे मुद्दाम रस्ता ओलांडून गेला, तरी ऑफ आणि लीव्ह यांपलीकडे काही हाती लागेना.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात कोरं कार्ड पुढ्यात घेऊन बसला. अंडं उकडून गार झालं होतं. 'सुट्टी काढ' हे आपण शेवटचं कधी ऐकलं, याचा तो विचार करत होता, आणि त्याला आठवत होतं ते लेकीचंच. शाळेच्या संमेलनाच्या आदल्या दिवशी ती हटकून म्हणायची, "बाबा, उद्या सुट्टी काढा." तो काढायचा, पण अर्ध्या दिवसाची. पोचायचा तेव्हा पडदा पडलेला असायचा आणि ती रंगवलेल्या गालांनी पायरीवर बसलेली असायची. तेव्हाही तो तिला विचारायचा, "काय म्हणालीस स्टेजवर? सांग बरं."

त्यानं पेन्सिल उचलली आणि लिहिलं: 'बाबा, बुधवारी सुट्टी काढा, मी येतेय.'

मागे लिहिलं: वक्ता, मुलगी. स्थळ, फोनवर. वेळ, मंगळवार संध्याकाळ. आणि खाली सही केली.

एकतीस वर्षांत त्यानं लिहिलेलं हे पहिलं खोटं कार्ड. लिहून झाल्यावर त्यानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. स्वयंपाकघरात ते वाक्य इतकं बरं वाटलं की त्याला रडू आलं.

ते चार वर्षांपूर्वीचं सांगायलाच हवं. लेकीचा संसार तेव्हा मोडत आला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. एका दुपारी ती न कळवता आली, याच टेबलाशी बसली, आणि म्हणाली, "बाबा, मी जगत नाहीये. मी नुसते दिवस काढतेय." एवढं म्हणून ती रडायला लागली. आणि कानसेनाचा हात, त्याच्या नकळत म्हणा, सवयीनं म्हणा, खिशाकडे गेला. तिनं डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा कार्डावर 'दिवस का' इथवर आलं होतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही लिहून घेताय," एवढंच ती म्हणाली. मग तिनं पर्स उचलली, पायात चप्पल सरकवली आणि जिना उतरून गेली. त्यानं नंतर तीनदा फोन केला, तिनं तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा त्यानं केला नाही. काय बोलणार होता? आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं जमवली, ऐन वेळी स्वतःचं एक सापडेना. ते अर्धं कार्ड त्यानं कोशाला कधी दिलं नाही. चष्म्याच्या घरात, चष्म्याखाली घडी करून ठेवलं होतं. रोज चष्मा काढताना ते बोटाला लागायचं.

आता खोटं कार्ड द्यायचं म्हणजे नुसती सही पुरत नव्हती. सहा महिन्यांपूर्वी एका जुन्या सहकाऱ्याची शंभरावर वाक्यं घरी बसून रचलेली निघाली होती. संपादकबाईंनी त्याला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं आणि कोशाच्या पहिल्या पानावरच्या यादीतून त्याचं नाव वगळलं. कानसेनाचं नाव त्या यादीत वरून तिसरं होतं. तेव्हापासून कार्डामागे बोलणाऱ्याचा फोन नंबर लिहावा लागे, आणि दहातलं एक कार्ड उचलून बाई स्वतः फोन करून विचारत: तुम्ही असं म्हणालात का?

नंबर त्याला तोंडपाठ होता. त्यानं तो लिहिला. दहातलं एक, म्हणजे नऊ वेळा सुटका; असा हिशेब त्यानं मनाशी केला. पण खरं सांगायचं तर हिशेब वगैरे काही नव्हता. जो नंबर त्याच्यानं फिरवला जात नव्हता तो कुणीतरी फिरवावा, असंही त्याला कुठंतरी वाटत होतं. माणूस चोरी करतो आणि कडी न लावता झोपतो, त्यातलाच हा प्रकार.

गुरुवारी त्यानं आठ कार्डं बाईंच्या टेबलावर ठेवली. सोमवारी सकाळी गेला तर फोन करायच्या कार्डांचा ट्रे बाईंच्या दाराबाहेर ठेवलेला होता, आणि सगळ्यात वर त्याचंच अक्षर: 'बाबा, बुधवारी सुट्टी काढा, मी येतेय.'

बाई अजून आल्या नव्हत्या. पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. कार्ड उचलायचं, खिशात घालायचं, बाईंना सांगायचं की वाक्य जरा कच्चं वाटलं, दुसरं आणतो. त्याचा हात ट्रेपर्यंत गेलाही. पण कार्डावर तिचा नंबर होता, आणि दोन तासांत तो नंबर वाजणार होता. ती उचलेल. कुणीतरी तिला त्याचं नाव सांगेल. ती 'नाही' म्हणेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोणते बाबा, असंही म्हणेल कदाचित. तरी तिच्या कानावर आपलं नाव पडेल, आणि ते थांबवायला त्याचा हात धजेना. तो आपल्या टेबलाशी जाऊन बसला. दिवसभरात त्यानं एकही ओळ लिहिली नाही. संध्याकाळपर्यंत कुणी बोलावलंही नाही.

त्या रात्री अंडंही उकडलं नाही.

मंगळवारी साडेदहाला बाईंनी बोलावलं. बाई वयानं त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण त्यांच्यासमोर बसताना त्याला कायम वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटायचं. टेबलावर एकच कार्ड होतं.

"तुमच्या मुलीला काल फोन केला मी," बाई म्हणाल्या.

"हं."

"आधी ती काही बोललीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मी परत वाचून दाखवलं. मग म्हणाली, परत एकदा वाचा."

कानसेनानं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

"तीनदा वाचलं मी ते. मग विचारलं, तुम्ही असं म्हणालात का? तर म्हणाली, हो, मी म्हणाले. पण बाबांनी चुकीचं उतरवून घेतलंय." बाई हसल्या. बाई हसल्याचं कचेरीत फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. "लेक तुमच्यावरच गेलीय हो. तीन दुरुस्त्या सांगितल्या. मी लाल पेननं घातल्यात, बघा."

त्यानं कार्ड पुढं ओढलं. चष्मा लावायला विसरला होता, तो लावला. 'बुधवारी' खोडून वर 'शुक्रवारी' लिहिलं होतं. 'काढा' खोडून 'काढून ठेवा'. आणि सुट्टीच्या आधी, रेघ ओढून, समासात दोन शब्द घातले होते: 'पूर्ण दिवसाची'.

त्यानं ते सलग वाचलं. बाबा, शुक्रवारी पूर्ण दिवसाची सुट्टी काढून ठेवा, मी येतेय.

बाई काहीतरी बोलत होत्या. वाक्य आता जास्त चांगलं झालं, 'काढून ठेवा'मध्ये आधीपासूनची तयारी येते, असं काहीतरी. आयुष्यात पहिल्यांदा कानसेनाला समोरच्या माणसाचं ऐकू येत नव्हतं.

गप्प राहिला असता तर गोष्ट इथंच सुखानं संपली असती. लेकीनं त्याच्यासाठी खोटं बोलून त्याला सोडवलं होतं, बाईंना संशय नव्हता, पहिल्या पानावरचं नाव सुरक्षित होतं. पण त्यानं कार्ड उलटं केलं, आणि मागची स्वतःची सही त्याला बघवेना. तिनं एक खरं वाक्य दिलं होतं आणि त्या वाक्याच्या पाठीवर याची खोटी तारीख होती.

"बाई, तारीख चुकलीय," तो म्हणाला.

"कुठली?"

"मागची. हे वाक्य त्या मंगळवारी पडलेलं नाही. ती चार वर्षं माझ्याशी बोललेली नाहीये. मी घरी बसून लिहिलं ते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग ती हो का म्हणाली?"

"माहीत नाही," कानसेन म्हणाला. आणि मग, "पण आता ती म्हणालीय. काल म्हणालीय. तुम्हाला. माझं वाक्य खोटं होतं, बाई, पण हे लाल शाईतलं खरं आहे. हे तोंडातून पडलंय."

बाई उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या, बसल्या. सहा महिन्यांपूर्वी या खोलीत त्या जुन्या सहकाऱ्याचं काय झालं होतं ते दोघांनाही आठवत होतं.

"एकतीस वर्षांत किती अशी?"

"एकच. सगळी तपासा हवं तर."

"तपासणार आहे. आजपासून तुमचं प्रत्येक कार्ड माझ्या हाताखालून जाईल. दहातलं एक नाही, दहाच्या दहा."

"हो."

बाईंनी कार्ड ओढून घेतलं. मागची तारीख खोडली, कालची घातली. 'स्थळ' पुढं लिहिलं, कचेरीच्या फोनवर. मग त्याच्या सहीवर सरळ रेघ मारली आणि खाली स्वतःची सही केली. "ऐकलं मी. तेव्हा हे तुमच्या नावावर जाणार नाही."

"नको," तो म्हणाला. "ते तुमचंच."

तो दारापर्यंत गेला तेव्हा बाईंनी मागून हाक मारली. हातात रजेच्या अर्जाचा कागद होता. "काय लिहायचं ते माहीत आहे ना? का दुरुस्त करून देऊ?"

त्यानं तिथंच भिंतीला कागद टेकवून अर्ज लिहिला. अर्धा दिवस की पूर्ण, असे दोन चौकोन होते. त्यानं दुसऱ्यात इतकी जोरात खूण केली की पेन्सिल कागदाच्या आरपार गेली.

शुक्रवारी तो पाचलाच उठला. टेबल पुसलं, दोन खुर्च्यांपैकी जिच्यावर कपड्यांचा ढीग असायचा ती मोकळी केली. चष्म्याच्या घरातलं ते घडी घातलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, तिला द्यायचं म्हणून. शर्ट घातला. सवयीनं सहा कार्डं खिशात गेली, पेन्सिल गेली. आरशासमोर त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं सगळं बाहेर काढलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, हात पोचणार नाही असं ठेवलं. मग स्टुलावर चढलं तर पोचेल, असं वाटून स्टूल शेजाऱ्यांकडे नेऊन दिलं.

ती अकराला येईल, बाराला येईल, की येणारच नाही, याची काही खात्री नव्हती. वाक्य खरं होतं, पण खरं बोललेली माणसंही येत नाहीत. नळ ठिबकत होता. तो खुर्चीत बसून राहिला आणि जिन्यावरची पावलं ऐकत राहिला. वरच्या मजल्यावरची, खालची, भाजीवाल्याची, पोस्टमनची. एकतीस वर्षांत एवढं जिवाचा कान करून तो कधी ऐकत बसला नव्हता.

बाराला दहा कमी असताना घंटा वाजली.

ती दारात उभी होती. केस कापले होते, चेहरा थोडा उतरला होता, हातात केळ्यांची पिशवी. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी खिशाकडे पाहिलं. खिसा सपाट होता. तिनं तरीही हात पुढं केला आणि दोन बोटांनी तो चाचपून बघितला, लहानपणी चॉकलेट शोधताना बघायची तसा. मग आत आली, मोकळ्या खुर्चीत बसली, टेबलावरच्या अर्ध्या कार्डाकडे बघत राहिली. आणि बोलायला लागली.

ती दीड तास बोलत होती. कानसेनाचे दोन्ही हात टेबलावर उघडे होते. ती काय म्हणाली ते कुठल्याही कार्डावर नाही, आणि इथंही लिहिलेलं नाही.